उजवीकडचं खोटं

मी बायकांना चारचाकी शिकवते. नाशकात गंगापूर रोडला आमचा क्लास आहे. क्लास म्हणजे एक छोटी गाडी, एक पाटी आणि मी. शिकवणाऱ्याची जागा डावीकडची, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या जागेवर बसणं म्हणजे काय, हे फार थोड्यांना. माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक आणि क्लच असतो, हातात मात्र काहीच नसतं. स्टिअरिंग दुसरीच्या ताब्यात. तिचे हात कुठे चाललेत, उजव्या खिडकीबाहेरून कोण घुसतंय, समोर काय आहे, हे तिन्ही एकदम बघायचं आणि वेळेवर पाय दाबायचा. दिवसातले कितीतरी तास माझी मान उजवीकडे वळलेली असते.

माझं तोंड बरं नाही, हेही सांगून टाकते. “अहो ताई, ब्रेक आहे तो, अंगारा नव्हे चिमटीने लावायला,” असं मी रोज कुणाला तरी ऐकवते. पहिल्या आठवड्यात एखादी तरी रडते. दुसऱ्या दिवशी तीच परत येते, कारण घरी नवरा शिकवताना याहून वाईट बोलतो आणि वर त्याच्या पायाखाली ब्रेकही नसतो.

त्या दिवशी सकाळी एक विद्यार्थिनी गाडी चालवत होती आणि मी नेहमीसारखी उजवीकडे बघत होते. एक पांढरी गाडी आम्हाला ओलांडून पुढे चालली होती. तिच्या पलीकडे, तिला अगदी खेटून, तशीच दुसरी पांढरी गाडी. मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या. मग लक्षात आलं की पलीकडची गाडी दुभाजकातून चालली आहे. तिथल्या झाडांमधून, काही न मोडता.

“गाडी बाजूला घ्या,” मी म्हणाले.

“मॅडम, माझं काही चुकलं का?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. गाडी थांबली तशी मी उजवा डोळा हाताने झाकला. जग जागेवर आलं. हात काढला, पुन्हा दोन. रस्त्याकडेचा चहाचा ठेला, त्याच्या शेजारी तोच ठेला. चहावाला, त्याच्या शेजारी चहावाला. मी नवऱ्याला फोन केला, ते बँकेतून तसेच रिक्षाने आले आणि गाडी घरी घेऊन गेले. मी मागच्या सीटवर बसले होते. स्वतःच्या गाडीत मी मागे कधी बसलेच नव्हते.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, रक्त काढायला लावलं, मेंदूचा फोटोही झाला. मेंदूत काही नव्हतं. उजवा डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी एक नस असते, ती साखरेने दुखावली होती. डावा डोळा समोर बघायचा, उजवा आत नाकाकडे ओढला जायचा, आणि दोघे आपापलं चित्र घेऊन माझ्याकडे यायचे. “बऱ्याच जणांचं काही महिन्यांत आपोआप बरं होतं,” डॉक्टर म्हणाले. “तोवर साखर आवरा आणि एक डोळा झाकून ठेवा. गाडी अर्थातच बंद.”

“चालवायची की शिकवायची?”

“दोन्ही.”

मी क्लास बंद केला आणि घरात बसले. घरात बसणं मला येत नाही. डोळा झाकून ठेवला की जिना सपाट दिसायचा, उघडा ठेवला की दोन जिने. चहा ओतायला गेले तर कप भलतीकडे. दिव्याचं बटण म्हणून भिंत दाबायची. शेजारच्या काकू दारात येऊन हसल्या तर दोन काकू हसायच्या, आणि मला तर त्यांच्यातली एकच झेपत नव्हती. मी चिडचिड करायचे आणि नवरा न बोलता ओट्यावरचा चहा पुसून घ्यायचे. त्यांनी एकदा तरी उलट बोलावं असं वाटायचं.

हळूहळू मी एक नियम शिकले. उजवीकडचं ते खोटं. ते जरा फिकट असतं, जरा लांब असतं, आणि हात घातला तर हाती काही लागत नाही. डावीकडचं खरं. दोन कप दिसले की डावीकडचा उचलायचा. रस्ता ओलांडताना दोन रिक्षा आल्या की डावीकडची बघायची, दुसरी नाहीच असं समजायचं. आधी प्रत्येक वेळी मनात म्हणावं लागायचं, पुढे म्हणावं लागेना. डोळा दोन दाखवायचा आणि आतला कुणी तरी उजवीकडचं आपोआप खोडून टाकायचा. मला त्याचा अभिमानही वाटायला लागला होता. बघा, बाईने जुळवून घेतलं.

या सगळ्या काळात एका बाईचा फोन नेमाने यायचा. ती सायखेड्याची. माझ्यापेक्षा थोडी लहान, घरची शेती, भाजीपाल्याची पिकअप दारात उभी, पण ड्रायव्हर मनाला येईल तेव्हा उगवणार. नवऱ्याची कंबर गेलेली. माल तोडून ठेवायचा आणि ड्रायव्हरची वाट बघत कोथिंबीर कोमेजताना बघायची, याला ती विटली होती. माझ्याकडे तिचं शिकणं अर्ध्यावर आलं असताना माझा डोळा बिघडला. मी तिला दुसऱ्या क्लासचा नंबर दिला. ती एकदा जाऊन आली.

“तो म्हनला, मावशी, तुमच्यानं नाय व्हायचं,” ती फोनवर म्हणाली. “तुमी लय बोलता, पन तुमी असं कधी नाय म्हनल्या. मी थांबते.”

“अहो, माझा भरवसा नाही.”

“असू द्या. डोळा काय म्हनतो?”

काही महिन्यांनी डोळा बराच सुधारला, पण पुरता नाही. दोन चित्रं जवळ आली, एक मात्र होईनात. उजवीकडे बघितलं की पुन्हा फाकायची. मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले की आता हे इथेच थांबलेलं दिसतंय. प्रिझमचा चष्मा करून बघू. मी सरळ विचारलं, मी परत शिकवू शकेन का?

“चष्म्याने एकच दिसायला लागलं,” ते म्हणाले, “काही दिवस नुसतं बाजूला बसून तुमची खात्री पटली, तर शिकवा. नाहीतर ती सीट सोडा. तिथे तुमच्या एकटीचा जीव नसतो.”

डॉक्टर खरं तेच बोलले होते, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला. घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं की सीट सोडून मी करू काय? शिवणकाम? त्याला तर दोन्ही डोळे लागतात. ते म्हणाले, आधी चष्मा तर होऊ दे.

चष्मा होणं सोपं नव्हतं. मला लहानपणापासून मोठा मायनस नंबर, त्यात दोन्ही डोळ्यांना तिरका नंबर, चाळिशीनंतर वाचायचा वेगळा, आणि आता हे प्रिझम. गंगापूर रोडवरच्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासणारी एक तरुण मुलगी होती, रीतसर शिकून आलेली. डॉक्टरांचा कागद वाचताना तिच्या भुवया जवळ आल्या. मग तिने मला समजावून सांगितलं. प्रिझमची काच पाचरीसारखी असते, एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ. तिच्यातून बघितलं की चित्र थोडं सरकतं. माझ्या दोन्ही काचा कानाच्या बाजूला जाड ठेवायच्या, म्हणजे दोन चित्रं सरकत सरकत एकमेकांवर येऊन बसतील.

दुकानाचे मालक मध्येच म्हणाले, “मॅडम, काच जाड येईल. आपण बारीक फ्रेम घेऊ, दिसायला छान दिसेल.”

“मला दिसायचंय,” मी म्हटलं. “मी कशी दिसते ते माझं मी बघेन.”

काचा मुंबईहून बनून यायच्या होत्या. त्या येईपर्यंत मी दुकानात इतके फोन केले की मालक माझा आवाज ओळखायला लागले आणि मी बोलायच्या आधीच “अजून नाही मॅडम” म्हणायला लागले. एकदा मी वेगळ्याच कामाने दुसऱ्या दुकानात फोन केला, तर माझ्याच तोंडून निघालं, “अजून नाही ना?”

चष्मा आला त्या दिवशी मी चांगली साडी नेसून गेले. का, ते विचारू नका. मालकांनी मखमली फडक्याने पुसून चष्मा माझ्या हातात दिला. मी घातला आणि समोर बघितलं. दोन मालक.

“सवय व्हायला वेळ लागतो,” दोघे म्हणाले. “आठवडाभर घाला, डोळे बसतील.”

मी घातला. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घातला. डोकं ठणकायचं, मळमळायचं. दोन चित्रं जिथे होती तिथेच होती, तसूभर सरकली नव्हती. तरी मला वाटायचं की दोष माझ्यात आहे. लोकांचे डोळे बसतात, माझे हट्टी आहेत. मी देवघरासमोर बसून दोन समया एक करायचा प्रयत्न करायचे. डोळ्यांतून पाणी यायचं आणि दोनाच्या चार ज्योती व्हायच्या. सायखेड्याच्या बाईला मी फोनवर सांगितलं, चष्मा आलाय, बसतोय हळूहळू. मला मनातून कळलं होतं की हे बसणारं नाही, आणि चष्म्यानेही जमलं नाही तर पुढे काहीच उरत नव्हतं.

शेवटी नवरा म्हणाले, “बसायचे असते तर बसले असते. चल.”

दुकानात तीच मुलगी होती. तिने चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवला, डोळा लावला, चाक फिरवलं. मग पुन्हा ठेवला. मग तिने पेन घेऊन काचेवर ठिपका काढला आणि चष्मा माझ्या चेहऱ्यावर चढवून माझ्या बुबुळाकडे एकटक बघत राहिली. तिला माझ्या डोळ्यात आणखी काही भयंकर दिसलं असणार, असं मला वाटायला लागलं.

“यात प्रिझम नाहीये,” ती म्हणाली.

“म्हणजे मुंबईवाल्यांनी दिलाच नाही?”

“दिला होता. इथे बसवताना गेला.”

झालं होतं ते असं. कुठल्याही चष्म्यात काचेचा मधला बिंदू बुबुळासमोर आणून बसवतात. काच बसवणाऱ्या कारागिराने आयुष्यभर तेच केलेलं, आणि अचूक केलेलं. माझ्या काचेत तो बिंदू मुद्दाम बाजूला ठेवलेला होता, त्यातच प्रिझम होता. कारागिराला वाटलं, मुंबईवाले चुकले. त्याने मायेने काच सरकवली, बिंदू माझ्या बुबुळासमोर आणला, आणि उरलेला भाग घासून टाकला. त्याने इतरांचा चष्मा जसा चोख केला असता तसाच माझा केला होता.

मालक म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे असं कधी होत नाही.”

मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. देवघरासमोर रडले तेही बोलले. दुकानात फ्रेम बघायला आलेलं एक जोडपं चष्मे हातात धरून उभं राहिलं. नवऱ्याने माझ्या कोपराला हात लावला, मी तो झटकला. मालक खाली बघत होते. ती मुलगी मात्र माझ्याकडेच बघत होती.

“चूक आमची आहे,” ती म्हणाली. “मी बसवल्यावर तपासायला हवं होतं. काचा पुन्हा मागवते.” आणि मग, माझा श्वास खाली बसायची वाट बघून, तिने विचारलं, “मॅडम, तुम्ही दिवसभर नेमकं कुठे बघता?”

“म्हणजे?”

“आम्ही समोरच्या तक्त्याकडे बघायला लावून मोजतो. तुम्ही कामाच्या वेळी कुठे बघता?”

“उजवीकडे,” मी म्हटलं. इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

“गाडी आणली आहे?”

गाडी खालीच होती. मुलगी तपासणीच्या काचांची पेटी घेऊन खाली आली आणि चालकाच्या सीटवर बसली. तिला गाडी येत नव्हती. तिने स्टिअरिंगला हात लावला तो तापल्या तव्याला लावावा तसा. मी डावीकडे बसले. नाकावर ती तपासणीची जड, गोल फ्रेम. सवयीने मी म्हणाले, “सीट पुढे घे, पाय पोचत नाहीत तुझे,” आणि तिने मुकाट्याने घेतली.

मग परीक्षा सुरू झाली. “माझ्या नाकाकडे बघा. एक की दोन?” दोन. काच बदलली. “आता?” एक. “मान न हलवता खिडकीबाहेर?” दोन. काच बदलली. खिडकीबाहेर एक. “समोर?” समोर उभी रिक्षा फुटून दोन झाली, आणि तीही उलटीकडून, खोटी आता डावीकडे. प्रत्येक “आता?”ला माझा जीव वर-खाली व्हायचा. समोरचं जुळवलं की उजवीकडचं जायचं, उजवीकडचं जुळवलं की समोरचं जायचं. मला आठवतं, मी मनात म्हटलं, झालं, संपलं. माझं काम या दोन्हींच्या मध्येच होतं.

“तुम्ही अशा सरळ का बसता?” तिने विचारलं.

“मग कशी बसू?”

“पाठ दाराकडे करून, माझ्याकडे तोंड करून बसा ना.”

मी खांदा दाराला टेकवून तिरकी बसले. आता ती माझ्यासमोर आली, खिडकी थोडीशीच उजवीकडे, आणि रस्ता डावीकडे. डावीकडे बघताना माझे डोळे शहाण्यासारखे वागायचे. तिने एक काच घातली. “माझं नाक?” एक. “रिक्षा?” एक. “खिडकी?” मी थांबले. पुन्हा बघितलं. एक.

“अगदी टोकाला दोन होणारच,” ती म्हणाली. “तिथे डोळे नाही फिरवायचे, मान फिरवायची. जमेल?”

मी मान हलवली. मुंबईच्या काचा पुन्हा येईपर्यंत मी घरात पाटावर तिरकी बसून भाजी निवडायचे, सवय व्हावी म्हणून.

दुसरा चष्मा आला तो ओबडधोबड होता. कडा बाटलीच्या बुडासारख्या जाड. मुलीने आधी यंत्रावर तपासला, मग माझ्या हाती दिला. मी डोळे मिटून घातला आणि उघडायची हिंमत होईना. “उघड की,” नवरा म्हणाले. उघडले. एक ट्यूबलाइट. एक मालक. एक मुलगी, तिच्या गालावर एक तीळ. इतके दिवस मला तो तीळ दिसलाच नव्हता. मी तिथेच, सगळ्यांसमोर, हुंदका देऊन रडले.

“आता नवराही एकच,” नवरा म्हणाले. “भागेल ना?”

“तुमचा उजवीकडचा जरा कमी घोरायचा,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं तसं मी आधी नुसती बाजूला बसले. रोज सकाळी नवरा गाडी चालवायचे आणि मी दाराला पाठ लावून, पाय ब्रेकवर ठेवून, जे दिसेल ते मोठ्याने बोलायचे. ट्रक. बस. म्हातारा, सायकल. त्यांनी कधी मध्येच विचारायचं, “किती?” मी म्हणायचे, “एक.” एकदाही चुकले नाही. डॉक्टरांनी बघितलं, बरं म्हणाले. पाठ दुखत होती पण मी कुणाला सांगितलं नाही. मी सायखेड्याला फोन केला.

“या,” मी म्हटलं. “राहिलेलं पुरं करू.”

ती आली ती केसांना तेल लावून, देवळात जाऊन आल्यासारखी. माझ्या चष्म्याकडे बघून म्हणाली, “लय जाड हाय हो.” मी म्हटलं, तुमचं लक्ष माझ्याकडे नको, रस्त्याकडे असू द्या. ती खूश झाली. मी परत तशीच बोलायला लागले होते.

आम्ही मखमलाबादच्या बाजूला निघालो. त्या रस्त्याला सकाळी गर्दी कमी असते. हवा गार होती, द्राक्षबागांवर धुकं होतं. तिचा हात विसरला नव्हता, उलट मोकळा झाला होता. गावात पिकअपवर बसून गिअरचा सराव केला, म्हणाली, गाडी चालू न करता. समोरून ट्रॅक्टर आला, एक. दुधवाला, एक. माझा श्वास हळूहळू खोल गेला. मी मनात म्हटलं, हेच. हेच मला हवं होतं. देवा, हेच.

पुढे एक शाळा आहे. शाळा भरायची वेळ होती. मी म्हटलं, “हळू. दुसऱ्यावर घ्या. थांबा.” तिने थांबवली, क्लच दाबून, पहिला टाकून. उजवीकडून मुलं रस्ता ओलांडत होती. पोरांचा घोळका गेला. मग रस्ता मोकळा झाला, आणि मग दोन मुली उतरल्या. निळा गणवेश, पांढऱ्या रिबनी, वर बांधलेल्या दोन वेण्या, पाठीवर दप्तर. एक पुढे, तिच्या उजवीकडे जरा मागे दुसरी. अगदी तशीच.

मला दोघी दिसल्या. हे मी शपथेवर सांगेन. दोघी स्वच्छ दिसल्या, सकाळच्या उन्हात, जाड काचेतून, जशा होत्या तशा. पुढची मुलगी आमच्या बॉनेटसमोरून गेली, डावीकडच्या फाटकाशी पोचली.

“चला, घ्या,” मी म्हणाले. “सोडा क्लच.”

गाडी पुढे सरकली. आणि कचकन थांबली. मी पुढे आपटले, पट्ट्याने छाती आवळली, इंजिन बंद पडलं. ब्रेक मी लावला नव्हता, बाईने लावला होता. माझा पाय ब्रेकपासून दूर, आरामात, खाली टेकलेला होता.

बॉनेटवर एक छोटा हात होता. दुसरी मुलगी तिथे उभी होती. तिच्या एका वेणीची रिबन सुटून खांद्यावर आली होती. पहिलीची सुटलेली नव्हती. ती आमच्याकडे बघत होती, घाबरलेली नाही, नुसती रागावलेली, मोठी माणसं असं करतात का, अशी. मग ती हात उचलून पळत फाटकात गेली.

“मॅडम,” सायखेड्याची बाई म्हणाली. “तुमाला ती पोर दिसली नाय?”

“दिसली,” मी म्हणाले.

“मंग?”

मंग काय सांगू? मला दिसली आणि मी ती खोडली. दोन दिसल्या, उजवीकडची खोटी. कुणी सांगायची गरज पडली नाही, विचारही करावा लागला नाही. डोळे, काचा, दुकानातली मुलगी, मुंबईवाले, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. मी दार उघडून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले. शाळेतून प्रार्थनेचा आवाज आला. सगळी मुलं एकसुरात म्हणत होती, आणि त्यात ती मुलगी पण म्हणत असणार.

बाई माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, तो कपांचा, रिक्षांचा, उजवीकडचा नियम. तिने नीट ऐकून घेतलं. पदराने आपलं तोंड पुसलं.

“आमी तर दोन दिसल्या का दोनच धरतो,” ती म्हणाली. “एक निघाली तर निघाली. थांबल्यानं काय जातंय?”

मी तिला मागे फिरायला सांगितलं. घरापर्यंत तिनेच गाडी आणली. मी दाराला पाठ लावून बसले होते, पाय ब्रेकवर इतका ताणलेला की पोटरीत गोळा आला, आणि दिसेल त्या प्रत्येक गोष्टीला, उजवीकडच्या, डावीकडच्या, मी मनात म्हणत होते, आहे, आहे, आहे. तिने वळणं सुंदर घेतली. एकदाही तिला काही बोलावं लागलं नाही. वाटेत मी तिला म्हटलं की तुम्हाला आता माझी गरज नाही, पेठ रोडला आरटीओत लायसन्सच्या परीक्षेची तारीख घेऊन टाका. उतरताना तिने वाकून माझ्या पायाला हात लावला, आणि मी तिला ओरडले.

नवरा फाटकात उभे होते. आज पहिला दिवस, म्हणून बँकेत उशिरा जाणार होते.

“काय, कसा आहे चष्मा?” त्यांनी विचारलं.

“एकदम बरोबर आहे,” मी म्हणाले, आणि गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली.